सात किलोंत अल्माटी

परत आल्यावर शाळेत सगळ्यांनी पहिला प्रश्न विचारला तो बर्फाचा. "बाई, बर्फ पाहिला? हातात घेतला? फोटो दाखवा ना!" बर्फ पाहिला, हातात घेतला, एकदा तर त्यावर सपशेल आपटलेसुद्धा. पण फोटो फारसे नाहीत. जानेवारीत परदेशी जाऊन आले म्हटलं की लोकांना सहलच वाटते आणि मला प्रत्येकाला सुरुवातीपासून सांगत बसवत नाही. म्हणून एकदाच नीट लिहिते.

माझी मुलगी अश्विनी आणि जावई प्रशांत दीडेक वर्ष कझाकस्तानात, अल्माटी शहरात राहतात. प्रशांत तिथे औषधांच्या एका कारखान्यात आहे. त्याआधी तो रोह्याजवळ धाटावला एका कंपनीत शिफ्टला जात असे. जानेवारी लागला आणि अश्विनीचा फोन आला. बसथांब्यावर गोठलेल्या फरशीवरून प्रशांतचा पाय घसरला, तो रस्त्यात पडला आणि वळणाऱ्या गाडीचं चाक त्याच्या पावलावरून गेलं. लगेच ऑपरेशन झालं. दोन दिवसांनी पुन्हा फोन आला. या वेळी ती बोलायच्या आधीच मला तिचा श्वास ऐकू आला.

"आई, पाऊल वाचलं नाही. घोट्याच्या वरून काढावं लागलं."

ती घाईघाईने पुढे बोलत होती. "त्याच्या आईला फक्त पाय मोडलाय एवढंच सांगितलंय. तो म्हणतो, फोनवर नको, मी समोर बसवून सांगेन. त्यांचा पासपोर्ट आहे, तुझाही आहे. तू त्यांना घेऊन ये. आणि आई, शपथ आहे तुला, वाटेत काही बोलू नकोस."

विहीणबाईंचा पासपोर्ट प्रशांतनेच काढून घेतला होता, कधीतरी त्यांना न्यायचं म्हणून. व्याह्यांचा मात्र नावाच्या स्पेलिंगपायी अडकला तो अडकलाच. माझा पासपोर्ट शाळेतल्या मैत्रिणींबरोबर सिंगापूरला जायचं ठरलं तेव्हा काढलेला. ती सहल झाली नाही आणि पासपोर्ट कपाटात कोरा राहिला. कझाकस्तानात आपल्या लोकांना थोड्या दिवसांसाठी व्हिसा लागत नाही. तिकिटं मिळाली ती सगळ्यात स्वस्तातली, नुसत्या हातातल्या बॅगेची. माणशी सात किलो. अश्विनीने बजावलं, "इथे सगळं मिळतं. फक्त अंगावर गरम कपडे घालून या."

सात किलो म्हणजे किती, हे मला तोवर कधी कळलं नव्हतं.

पेण

विहीणबाई निघायच्या आदल्या दिवशी दुपारी आमच्याकडे आल्या. त्यांचं गाव खांबच्या आत, महामार्ग सोडून थोडं डोंगराकडे. भात आणि त्यानंतर वाल, एवढीच शेती. बाई उंच, रुंद हाडाची, पायात कायम पुरुषी मापाची चप्पल. लग्नाला चार वर्षं झाली तरी आमच्यात अजून मानपानाचंच बोलणं चालायचं. त्या मला 'ईनबाई' म्हणत, मी त्यांना 'विहीणबाई'. त्यापुढे दोघींची गाडी सरकत नसे.

त्यांनी ओसरीवर दोन पिशव्या ठेवल्या. एकीत वाल, पोहे, आमसुलं, लसणाची चटणी, सुकट आणि तांदळाचं पीठ. दुसरीत कपडे आणि एक खोका.

शेजारी पापडाचा धंदा करणाऱ्या वहिनी राहतात. त्यांच्याकडून मी काटा मागून आणला आणि सगळं सामान बॅगेत भरून काट्यावर ठेवलं. अकरा किलोंच्या वर.

"सुकट काढा," मी म्हटलं. "विमानात वास येईल."

"काढा," त्या म्हणाल्या.

"वाल अर्धे करू. पीठ नको, तिथे मिळत असेल."

"नको तं नको."

लुगडी दोनच ठेवली. एक चादर काढली. दर वेळी मी काटा पाहायची आणि त्या माझ्या तोंडाकडे पाहायच्या. पंचांगातला मुहूर्त ऐकायला बसावं तशा. शेवटी खोका उरला. त्यांनी तो स्वतः उघडला. आत पुरुषांचे नवेकोरे बूट होते. काळे, जाड रबरी तळव्याचे, घोट्यापर्यंत येणारे.

"रोह्याच्या बाजारातून घेतले. दुकानदाराला म्हनलं, बर्फावर न घसरनारे दे. चपट्या तळव्याचे घातले आसतील त्यानं, म्हून तं पडला." त्यांनी एक बूट उलटा करून मला तळव्यावरच्या खाचा दाखवल्या. "बगा. पाय बरा झाला की हेच घालंल."

मी त्या खाचांकडे पाहिलं आणि नजर काट्याकडे वळवली.

"विहीणबाई, हे फार जड आहेत," मी म्हटलं.

"हायत."

"तिथे याहून चांगले मिळतात. बर्फाचाच देश तो."

"मिळत आसतील."

"मग हे कशाला? यांच्याऐवजी तुमची शाल घेऊ, स्वेटर घेऊ. तुम्हाला थंडी वाजेल."

"शाल काढा. बूट ऱ्हाऊ द्या."

मी आणखी दोनदा बोलले. दुसऱ्यांदा माझा आवाज चढला असावा, कारण आतून आमचे 'हे' डोकावले. त्यांनी शाल बाहेर काढून घडी घातली, बाजूला ठेवली आणि बूट परत बॅगेत घातले. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्या माझ्याशी अवाक्षर बोलल्या नाहीत. जेवताना भाताला मीठ कमी पडलं, तेही त्यांनी यांच्याकडे मागितलं.

वडखळपासून महामार्गाची रहदारी नेहमीची, पनवेलपर्यंत तेच. गाडीत मी पुढे बसले होते. मागे बसून त्या हात जोडून कुणाला तरी काहीतरी सांगत होत्या, ओठांतल्या ओठांत. मला वाटत होतं, मागे वळले तर माझ्या चेहऱ्यावरून त्यांना सगळं कळेल. म्हणून मी वळलेच नाही.

विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने माझी बॅग तोलली, बरोबर होती. विहीणबाईंची जास्त भरली. घरी मी वाल पुन्हा अर्धे केले होते, पण त्यांनी ते माझ्या नकळत परत भरले असणार.

"आजी, एक किलो कमी करा, नाहीतर जास्तीचे पैसे भरावे लागतील," ती मुलगी म्हणाली.

मला सुटल्यासारखं झालं. चला, आता तरी बूट मागे राहतील. मी बॅग उघडायला वाकले तोवर त्या खाली फरशीवरच बसल्या होत्या. शांतपणे चपला काढल्या, बूट काढले, दोन जोड मोजे एकावर एक चढवले आणि मुलाचे बूट स्वतःच्या पायात घालून नाड्या बांधल्या. चपला बॅगेत टाकून बॅग परत काट्यावर ठेवली.

"आता बगा गो," त्या मुलीला म्हणाल्या.

ती मुलगी हसली. "आता ठीक आहे, आजी. छान आयडिया."

हिरवं लुगडं आणि खाली ते काळे बूट. त्या उठून थोडं चालून आल्या, टाच टेकवून पाहिली. बुटांत त्यांचे पाय थोडे मागे-पुढे होत होते. मला तिथून पुढे त्यांच्या पायांकडे पाहवेना.

अल्माटी

दिल्लीत बदललेलं विमान, कोपऱ्यातल्या खिडकीतून दिसलेले पांढरे डोंगर, पासपोर्ट पाहणाऱ्या अधिकाऱ्याचा न हसणारा चेहरा, यावर लिहिण्यासारखं फार काही नाही. त्याने विहीणबाईंना काही विचारलं. त्यांना कळलं नाही. त्यांनी त्याला नमस्कार केला. त्याने शिक्का मारला.

अश्विनी बाहेर उभी होती. ती वाळली होती. सासूच्या पाया पडायला ती वाकली आणि तशीच वाकलेली राहिली, कारण तिच्या डोळ्यांसमोर ते बूट होते. सरळ झाली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. टॅक्सीत सामान ठेवताना ती माझ्या कानाशी म्हणाली, "आई, ते बूट..."

"माहीत आहे मला."

"तू येऊ कसे दिलेस?"

मी विहीणबाईंसाठी टॅक्सीचं दार उघडलं.

अल्माटीची पहिली सकाळ मला आठवते ती राखाडी रंगात. दक्षिणेला मोठाले डोंगर आहेत म्हणतात, पण हिवाळ्यात शहरावर धुराची चादर पडते आणि ते दिसतच नाहीत. झाडं काळी, निष्पर्ण. रस्त्याच्या कडेला लोटून ठेवलेला बर्फ मातकट, आपल्याकडे रस्त्याच्या कामाला खडी टाकतात तसा ढिगाढिगाने. थंडी मात्र मला वाटलं होतं तशी नव्हती. पहिल्यांदा ती लागतच नाही. मग नाकाच्या आत काहीतरी कडक होतं, डोळ्यांतलं पाणी पापण्यांना चिकटतं, आणि मग ती सगळीकडून आत येते. मी शाळेत घालते तेच कॅनव्हासचे बूट घातले होते. तळवे जळत असल्यासारखे वाटले.

अश्विनीचं घर जुन्या रशियन पद्धतीच्या पाच मजली इमारतीत. मधे अंगण, एक बाक, मुलांची घसरगुंडी, सगळ्यावर बर्फ. टॅक्सीतून उतरल्यावर ती म्हणाली, "तुम्ही दोघी इथे थांबा. कोपऱ्यावरच्या दुकानातून त्याचं एक औषध घेते आणि येते. आत जायला कोड लागतो, जाऊ नका." आणि ती पळत गेली.

आम्ही बाकाशी उभ्या राहिलो. मी एक पाऊल टाकलं आणि घसरले. विहीणबाईंनी माझा दंड धरला. त्यांची पकड एवढी घट्ट होती की मला हसू आलं असतं, एरवी.

"बगा," त्या म्हणाल्या. पेणच्या त्या दुपारनंतर त्या पहिल्यांदा माझ्याशी आपणहून बोलत होत्या. "मी जरा पन घसरले नाय. दुकानदार खरं बोलला." त्यांनी बर्फावर बूट दाबून ठसा उमटवला आणि तो कौतुकाने पाहिला. "आता दवाखान्यात गेल्यावर पयलं त्याला घालून माप बघनार. एका पायाला प्लास्टर असंल. दुसरा तं मोकळा हाय ना? एका पायात तरी घालून बघते."

मी कोणतीही शपथ आजवर मोडलेली नव्हती. पण त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर ती खोली आली, तो पलंग, आणि या बाईंनी पांघरूण बाजूला करून हातात बूट धरलेला. ते मला होऊ द्यायचं नव्हतं. त्यांच्यासाठीही नाही आणि प्रशांतसाठीही नाही.

"विहीणबाई, बसा जरा."

"कशाला? बर्फ हाय त्यावर."

"बसा."

मी बाकावरचा बर्फ हाताने झाडला. त्या बसल्या. मी समोर उभी राहिले आणि सांगितलं. किती वाक्यांत सांगितलं ते आठवत नाही. फार थोडक्यात सांगितलं असावं, कारण ओठ गोठले होते.

समोरच्या झाडावर एक कावळा बसला होता, आपल्याकडच्यासारखाच, पण पाठ आणि पोटसुद्धा करडं. त्या त्याच्याकडे पाहत होत्या.

"कंचा?" शेवटी त्यांनी विचारलं.

"डावा."

"कुठपातुर?"

मी खाली वाकून माझ्याच पायावर हाताने दाखवलं.

"तुमाला कवापासून ठाव व्हतं?"

"पेणला तुम्ही यायच्या आधीपासून."

"म्हून बुटांवर भांडत व्हता."

"हो."

त्यांनी मोठा श्वास घेतला. तोंडातून पांढरी वाफ निघाली. "मला वाटलं, माज्या पोराला कायतरी न्यायचं म्हनल्यावर तुमाला जड झालं. मी मनात लय बोलले तुमाला."

मी त्यांच्या शेजारी बसले. लांबून अश्विनी पिशवी हलवत येताना दिसली. विहीणबाई झटकन म्हणाल्या, "त्याला स्वताला सांगायचंय म्हनलात ना?"

"हो."

"मंग त्यालाच सांगू द्या. तुमी काय बोलला नाय, मी काय आयकलं नाय. हिलाबी सांगू नका."

त्यांनी पदराने तोंड पुसलं, उठल्या आणि सुनेच्या हातातली पिशवी घ्यायला पुढे झाल्या.

दवाखान्यात भेटायला दुपारनंतर सोडतात. तिकडची पद्धत मला आवडली: आत जाताना जाडजूड कोट खाली एका खिडकीत जमा करायचे, बुटांवर निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या चढवायच्या. बाहेरचा चिखल बाहेरच. आपण चपला दाराशी काढतो तसंच. विहीणबाईंनी वाकून त्या पिशव्या बुटांवर ओढल्या. मी धरून चालले होते की आता त्या कोसळतील, आता कोसळतील. त्या जिना चढल्या.

प्रशांत उशीला टेकून बसला होता. दाढी वाढलेली. पांघरूण छातीपर्यंत, आणि पायांच्या जागी त्याखाली काहीतरी चौकट ठेवलेली, त्यामुळे आकार कळत नव्हता. आईला पाहून तो हसला आणि लगेच हसू आवरलं.

"आये, बस. मला तुला कायतरी सांगायचं हाय."

"सांग."

त्याने सगळं ठरवून ठेवलं असावं. थांबा, बर्फ, मागून कुणाचा तरी धक्का, गाडी. ओळीने सांगत होता. त्या दर वाक्याला "व्हय... मग?" म्हणत होत्या, जसं त्याच्या लहानपणी तो शाळेतलं काही सांगत असताना म्हणत असतील. अश्विनी खिडकीकडे तोंड करून उभी होती. मी माझ्या हातरुमालाची घडी उघडत होते, मिटत होते.

"...मग डॉक्टर म्हनले, ऱ्हात नाय. काढायला लागंल. आन काढलं. डावं पाऊल." तो थांबला. "आये, रडू नको."

"मी रडत नाय," त्या म्हणाल्या, आणि मग रडल्या. मोठ्याने नाही. तोंडाला पदर लावून खांदे हलत राहिले. ते नाटक नव्हतं. त्या बाकावर जे राहून गेलं होतं ते आता आलं. प्रशांतही रडला. सांगून टाकल्यावर त्याचा चेहरा इतका मोकळा झाला होता की मला विहीणबाईंचं शहाणपण त्या वेळी कळलं. आधीच कळलंय असं त्यांनी दाखवलं असतं, तर त्याचं ते सांगणं पोटातच राहिलं असतं.

थोड्या वेळाने त्यांनी पांघरूण उचललं. तो "नको" म्हणाला. त्यांनी तरी उचललं, पाहिलं आणि त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"दुखतं का?"

"जे नाय ना, तेच दुखतं, आये. बोटं दुखतात."

"दुखनारच. एकाएकी गेलंय. त्याला अजून म्हाईत नाय."

तेवढ्यात त्याची नजर त्यांच्या पायांकडे गेली. निळ्या प्लास्टिकमधून तो काळा, मोठा आकार दिसत होता.

"आये, पायात काय घातलंयस?"

विहीणबाईंनी पाय पलंगाखाली घेतले.

"माजं बूट. ईनबाईंनी घ्यायला लावलं, थंडी लय म्हून. लय चांगलं हायत."

"तुला शोभतात," तो म्हणाला, आणि खरंच हसला.

आपांचा चहा

पहिल्या दिवशी परत येताना मला दुसरीच काळजी लागली होती. धाटावची नोकरी सोडून इकडे यायचा हट्ट अश्विनीचा होता. लग्नातसुद्धा कुणी काही बोललं तरी विहीणबाई बोलल्या नव्हत्या. पण ज्याच्या घरात असं होतं तो कुणालातरी दोष देतोच. रात्रीचा भात अश्विनीने लावला. कुकरची शिट्टी झाली तशा विहीणबाई म्हणाल्या,

"मी नको म्हनलं व्हतं. आठवतं?"

अश्विनी ओट्याशी उभी होती. "आठवतं."

"धाटावला शिफ्ट व्हती. घर व्हतं. त्यानं माजं आयकलं नाय, तुजं आयकलं."

"विहीणबाई..." मी मधे पडले.

"बोलू द्या मला, ईनबाई. आज बोलले नाय तं वरीसभर आत कुढत बसंन, आन मग कुठंबी निघंल." त्या सुनेकडे वळल्या. "मला राग हाय. लय राग हाय. सांगून टाकला. आता परत नाय सांगनार. भात वाढ, तूबी बस. तुजी काय दशा झालीय, आरशात बघितलंस?"

अश्विनी रडत रडत जेवली. दोनदा भात घेतला. राहिलेल्या दिवसांत त्या विषयावर विहीणबाई एक शब्द बोलल्या नाहीत, आणि मी रोज सकाळी घाबरत उठत होते की आज बोलतील.

खालच्या मजल्यावर एक म्हाताऱ्या बाई राहतात. तिकडे वडीलधाऱ्या बाईला 'आपा' म्हणतात; रोह्यात मुसलमान मोहल्ल्यातही मोठ्या बहिणीला तेच म्हणतात, म्हणून विहीणबाईंना तो शब्द लगेच आपला वाटला. अपघाताच्या दिवसापासून या आपांनी अश्विनीला रोज एक वेळचं जेवण पाठवलं होतं. त्यांनी आम्हाला चहाला बोलावलं.

दारात बूट काढले, तशी त्यांनी आमच्यापुढे लोकरी सपाता ठेवल्या. टेबलावर सुका मेवा, मुरंबे आणि 'बाउरसाक' नावाचे तळलेले गोळे, बिनगोडाच्या गुलगुल्यांसारखे. आणि दूध घातलेला चहा! परदेशात दुधाचा चहा पाहून मला भरून आलं. पण वाडग्यात तो अगदी तळाशी, अर्धाही नाही.

विहीणबाईंनी वाडगं पाहिलं. चेहरा उतरला. मला हळूच म्हणाल्या, "अर्धाच दिला. नको आसंल आपन."

अश्विनीने ऐकलं आणि सासूला म्हणाली, "आई, इथे उलटं असतं. थोडा द्यायचा, म्हणजे तुम्ही परत मागाल, परत मागाल, जास्त वेळ बसाल. भरून दिला तर समजायचं, आता उठा."

विहीणबाईंनी एका घोटात वाडगं रिकामं केलं आणि पुढे धरलं. आपांनी पुन्हा थोडा ओतला. पुन्हा, पुन्हा. एकीचं मराठी, दुसरीचं कझाक. विहीणबाईंनी डाव्या पायावर हात फिरवून दाखवलं. आपांनी मान हलवली, आपल्या भिंतीवरच्या एका फौजी पोशाखातल्या माणसाच्या फोटोकडे बोट केलं आणि रिकामी बाही धरल्याची खूण केली. त्यांच्या वडिलांचा एक हात लढाईत गेला होता. मग त्यांनी त्याच हाताने, म्हणजे उरलेल्या, खुरपणी करायची खूण करून दाखवली, मुलं खेळवायची केली, घोड्यावर बसायची केली. विहीणबाई डोळे मोठे करून पाहत होत्या.

दुसऱ्या दिवशी बाजारात मी पडले. चांगली आडवी. मनगट मुरगळलं आणि उरलेले दिवस वेणी अश्विनीने घातली. त्याच दिवशी वारा सुटला, धूर हटला आणि रस्त्याच्या टोकाला एकदम डोंगर उभे राहिले. आमच्या सुकेळी खिंडीतले डोंगर हिरवे, घरच्या माणसांसारखे. हे इतके पांढरे, इतके उंच, की पाहताना मान दुखली. प्रशांतला कुबड्यांवर उभं करणार होते त्या दिवशी. मला ते डोंगर पाहून आनंद झाला नाही. कुबडी घसरेल का, एवढंच मनात होतं.

ती घसरली नाही. तो पलंगापासून दारापर्यंत गेला आणि घामाघूम होऊन परत आला. विहीणबाईंनी त्याच्या कपाळाचा घाम पुसला आणि तिथेच मला म्हणाल्या, "ईनबाई, तुमी जा. मी सरकार ठेवील तवर ऱ्हाते."

"आणि शेतातला वाल?"

"म्हातारा बघंल." मग बाहेर वऱ्हांड्यात येऊन माझा हात धरला. "त्यालाबी पोराचा पाय मोडला एवढंच ठाव हाय. माज्याच्यानं फोनवर नाय व्हनार. तुमी जाऊन सांगाल?"

खांब

पेणला पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी मी खांबला गेले. वाटभर मी वाक्यं जुळवत होते आणि एकही बरं वाटत नव्हतं.

व्याही घरी नव्हते. शेजारणीने शेताकडे बोट दाखवलं. वाल गुडघ्याएवढा आलेला, शेंगा भरलेल्या, मडक्यात शेंगा भाजायचे, पोपटीचे दिवस. मधून जायला फक्त बांध, तोही हातभर रुंद आणि कडेने ढासळलेला. मुरगळलेला हात छातीशी धरून मी त्यावरून चालले, दर पावलाला पडेन असं वाटत होतं.

व्याही शेंगा तोडत होते. मला पाहून उठले, डोक्यावरचं फडकं सोडलं. "ताई, कवा आलात? ती कुठं हाय?"

"त्या राहिल्यात, भाऊ. बसा जरा."

ते बसले नाहीत. उभ्यानेच ऐकलं. माझ्या जुळवलेल्या वाक्यांतलं एकही कामी आलं नाही. मी सरळ सांगितलं. त्यांच्या मुठीत तोडलेल्या शेंगा होत्या. त्यांनी त्या हळूच टोपलीत टाकल्या, एक एक करून.

"तिला कुनी सांगितलं?"

"प्रशांतने. स्वतः."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "फोन लावा. हितं रेंज येत नाय. वर चला."

वर रस्त्याच्या कडेला आलो. मी प्रशांतला फोन लावून त्यांच्या हातात दिला. ट्रक जात होते, त्यामुळे ते ओरडून बोलत होते. मला फक्त त्यांचंच ऐकू येत होतं.

"व्हय, मी. ताई आल्यात. सांगितलं... व्हय, सगळं सांगितलं... नाय रे, मी कशाला रागवू... आये जेवते का? थंडीत तिचा खोकला... बरं."

पलीकडून प्रशांत बरंच काही बोलत असावा. व्याह्यांनी दुसऱ्या कानावर हात दाबून धरला होता. त्यांची नजर खाली शेतात होती, मी ज्या वाटेने आले त्या वाटेवर.

"आरं, कळलं मला," ते मोठ्याने म्हणाले. "बांधावरनं कसा चालशील, ते कशाला आत्तापासून? बांध मी रुंद करतो पावसाच्या आधी. तू ये."